चौगुल्यांच्या गाडीतलं पितळी बूच

पडदा वर जातो तेव्हा आधी दिसतात ते फक्त दोन पाय.

पडदा म्हणजे पत्र्याचं शटर. उंब्रजला महामार्गाच्या कडेला, उसाच्या फडाला पाठ लावून उभ्या असलेल्या एका शेडचं. ते अर्ध्यावर येऊन कुरकुरतं, थांबतं, आणि तेवढ्या उघडीतून सकाळचं ऊन तेलानं काळ्या झालेल्या जमिनीवर पसरतं. त्या उजेडात एक उंच, हिरवा फौजी ट्रक उभा आहे. त्याच्या दारांवर छातीच्या उंचीला गाळाची सरळ रेघ वाळून बसली आहे. पुराचं पाणी कुठवर चढलं होतं ते तिच्यावरून कळतं. ट्रकच्या पोटाखालून दोन पाय बाहेर आले आहेत. फाटके कॅनव्हासचे बूट, टाचा जुळलेल्या. माणूस उताणा पडलाय, पण कवायत सुटलेली नाही.

ट्रकशेजारी लाकडी स्टुलावर एक बाई बसली आहे. मांडीवर जुनं पोतं, पोत्यावर ओळीनं नंबरवार लोखंडी पाने.

"एकोणीस दे गं," ट्रकखालून आवाज आला.

"सतरा लागंल तिथं. कालबी एकोणीस मागितला आन माघारी दिला."

"चोवीस वर्सं फौजेत ह्याच गाड्या खोलल्या मी."

"मी न्हवते तिथं पानं द्यायला, म्हणून चोवीस वर्सं लागली."

पाय हसले. म्हणजे बुटांची टोकं हलली. हात बाहेर आला, सतराचा पाना घेऊन आत गेला.

ही राहीबाई, आणि ते पाय मानसिंग निकमांचे. पण मानसिंग निकम असं विचारलंत तर उंब्रजात कोणी पत्ता सांगायचं नाही. मेजर म्हणा, लहान पोरसुद्धा शेडपर्यंत आणून सोडेल. फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झाले होते, पण सातारा जिल्ह्यात घरी आलेला प्रत्येक फौजी मेजरच असतो, आणि ही बढती कोणी परत घेत नाही.

शटरच्या बाहेर, ऊन संपून सावली सुरू होते तिथं, तिसरा माणूस उभा होता. पस्तिशीचा, दाढी वाढलेली. आत ये म्हटलं तरी येत नव्हता.

"मेजर," तो बाहेरूनच म्हणाला, "उघडल्यावर मला खरं काय ते सांगा. एवढंच मागतो."

"गिअरबॉक्स उतरायला दोन दिवस लागत्यात, कृष्णात. हुबा राहून काय करशील? जा घरी."

"घरी काय करू?"

थोडा वेळ उभा राहून कृष्णात सांगलीच्या गाडीला गेला. त्याला कामावरून काढून अठरा दिवस झाले होते. गावात त्याच्याकडं बोट दाखवून सांगत होते, ह्यानंच क्लच जाळला, ह्याच्यामुळंच म्हातारी गेली. ट्रकच्या पोटात काय निघतं, यावर त्याचं नाव टांगलेलं होतं.

*

मेजरांचा जन्म वडूजजवळच्या एका माळावरच्या गावातला. तिथं पाऊस पाहुण्यासारखा येतो आणि पाहुण्यासारखाच लवकर जातो. अठराव्या वर्षी ते साताऱ्याला भरतीच्या रांगेत उभे राहिले आणि मेकॅनिक झाले. वाळवंटात इंजिनं उकळताना पाहिली, बर्फात डिझेल गोठताना पाहिलं. माणूस बंदुकीला जपतो तसं त्यांनी पान्यांना जपलं. घरी आले ते एक ट्रंक, दोन पदकं आणि इंजिनाला पेचकस लावून दुसरं टोक कानाशी धरायची सवय घेऊन.

फौजेनं काढून टाकलेल्या गाड्या लिलावात निघतात. त्या घेणारे लोक या मुलखात पुष्कळ. कोणी तिच्यावर टाकी बसवून खटावच्या कोरड्या गावांना पाणी पुरवतो, कोणी हुक लावून महामार्गावर उलटलेली वाहनं ओढतो, कोणी चिखलात रुतलेल्या उसाच्या ट्रॉल्या बाहेर काढतो. गाड्या दणकट, पण त्यांचे सुटे भाग कुठल्या दुकानात मिळायचे नाहीत, आणि त्यांची पुस्तकं वाचलेला माणूस तर त्याहून दुर्मीळ. तो उंब्रजला राहत होता. साताऱ्यापासून सांगलीपर्यंत जिथं जिथं अशी हिरवी गाडी नांदत होती, तिथल्या मालकाच्या फोनमध्ये 'मेजर' हे नाव असायचंच.

मेजरांनी शेडमध्ये फौजेची शिस्त जशीच्या तशी चालवली. काम करून सोडलेली गाडी मालकाला शेजारी बसवून स्वतः चालवल्याशिवाय फाटकाबाहेर जायची नाही. आणि दुसरा नियम लाल पाटीचा. गाडीत काही तात्पुरतं केलेलं असलं, की पत्र्याची लाल पाटी तारेनं स्टीअरिंगला बांधायची. काम पुरं होऊन गाडी पहिल्यासारखी झाली की मगच ती सोडायची. पाटी हीच आठवण. "डोस्क्यावर इस्वास ठिवू नका," ते म्हणायचे, "डोस्कं विसरतं. तार विसरत न्हाई."

लाल पाटी सगळ्यात जास्त लागायची ती बुचासाठी. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये बिडाचा एक डबा असतो. क्लच त्यात फिरतो. त्या डब्याच्या तळाला एक भोक असतं. जुन्या इंजिनातून थेंब थेंब तेल झिरपतं ते तिथून खाली गळून जावं, म्हणून. पण गाडी खोल पाण्यात घालायची असेल तर त्याच भोकातून पाणी आत घुसेल. तेव्हा तिथं करंगळीएवढं पितळी बूच आवळायचं. पाण्यातून बाहेर आली की पहिलं काम, बूच काढायचं. राहिलं तर तेल आतच साठत जातं, आणि एक दिवस क्लचची प्लेट तेलात भिजून घसरायला लागते. इंजिन ओरडतं, चाकं हलत नाहीत.

मेजरांनी हे किती जणांना समजावलं असेल याला गणती नाही.

*

या ट्रकचे मालक रामगोंडा चौगुले माधवनगरात पेंडीचा व्यापार करत. शेती मात्र नदीकाठच्या मूळ गावी, आणि आई ब्राह्मीबाईही तिथंच. वय वर्षं चौऱ्याऐंशी. रोज पहाटे बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, दर्शनाला जायचं, सूर्य मावळायच्या आत जेवायचं, आणि ट्रक चालवणाऱ्या कृष्णातला 'डायवर' म्हणून हाक मारायची. कृष्णात तिच्यासाठी गाडीच्या मागच्या फाळक्याला लाकडी पायरी लावून ठेवायचा.

पुराच्या दिवशी पाणी सकाळी गल्लीत आलं. रामगोंडा उंचावरच्या शाळेत माणसं उतरवून घेत होते, आणि कृष्णात ट्रकनं फेऱ्या करत होता. तीन फेऱ्या नीट झाल्या. चौथीला मागे अकरा माणसं होती, त्यांत ब्राह्मीबाई आणि रामगोंडांची सून प्रांजल. सोसायटीच्या गोदामापुढं रस्ता खोलगट होतो. तिथं पाणी बोनेटला लागलं, आणि इंजिन एकदम भरारून ओरडलं. गाडी मात्र जागची हलेना. जळका वास सुटला. सगळ्यांच्या नाकात गेला तो वास.

दुपारी बारापासून दिवेलागणीपर्यंत ती अकरा माणसं पावसात ट्रकवर बसून राहिली. कृष्णात पाण्यात उतरून ताडपत्रीची दोन टोकं धरून उभा राहिला. नाव आली तेव्हा ब्राह्मीबाई नातसुनेच्या मांडीवर गार पडल्या होत्या. प्रांजलला बराच वेळ कळलंही नव्हतं. तिला वाटलं, आजी झोपल्या.

शाळेच्या व्हरांड्यात, आईच्या देहाशेजारी, सगळ्या गावासमोर रामगोंडांनी कृष्णातच्या थोबाडीत मारली. "पाय ठिवून चालीवतोस क्लचवर! मेजरनी सांगितलं हुतं मला! जाळलास की रं क्लच!"

मेजरनी सांगितलं होतं, हे खरंच होतं. पुराच्या महिनाभर आधी कृष्णातनं शेडवर फोन केला होता.

"मेजर, भरलेली असली की क्लच घसरल्यागत वाटतोय. आणू का दाखवाय?"

"पाय काढ क्लचवरनं," मेजर म्हणाले होते. "बैलगाडी न्हाई ती, सारखा पाय टेकून बसाय."

"मी न्हाई ठेवत ओ."

"मग काय भूत ठेवतंय? दसऱ्याला मी सवता बघून दिलीया गाडी."

आणि मग रामगोंडांना फोन लावून त्यांनी हेच सांगितलं होतं. आपण पास केलेल्या गाडीत दोष असेल हे मेजरांच्या मनात आलं नाही. उरला ड्रायव्हर.

*

दुसऱ्या दिवशी दुपारी गिअरबॉक्स सुटायला आला. मेजरांनी सवयीनं डब्याच्या तळाखाली हात घातला. अंगठा भोकात जायला हवा होता; यंदा पुराआधी बूच लावायला त्यांना कोणी बोलावलंच नव्हतं. तो गार, गुळगुळीत पितळेवर टेकला.

बुटांची टोकं थांबली. राहीबाईंना ते लगेच कळलं.

"काय झालं?"

बूट आत ओढले गेले.

"आवं, काय झालं? बावीस देऊ?"

"बावीसच दे," आतून आवाज आला.

बूच सुटलं तसं काळं, दाट तेल सुटलं. तांब्याभर तरी असेल. मेजरांनी तोंड बाजूला केलं नाही, ते त्यांच्या गळ्यावरून खाली गेलं. बाहेर आले तेव्हा त्यांच्या मुठीत बूच होतं. ते राहीबाईंच्या मांडीवर, पान्यांच्या ओळीच्या शेवटी त्यांनी ठेवलं.

"गेल्या पावसाळ्यात," ते म्हणाले, "रामगोंडा आण्णांचा फोन आला हुता. पाणी चढतंय म्हणून. मी एसटीनं गेलो, बूच लावलं."

"व्हय. आन पाणी आलंच न्हाई तवा."

"उतरलं पाणी. पाटी बांधली हुती मी." ते थांबले. "दसऱ्याला गाडी हितं आली."

राहीबाईंना तो दसरा दिसला. आठ गाड्या शेडपुढं ओळीत, धुऊन पुसून, बोनेटवर हळदीकुंकू, आरशांना झेंडूच्या माळा. चौगुल्यांच्या गाडीच्या स्टीअरिंगला हार घालायचा तर तिथं लाल पाटी. लाल पाटी म्हणजे गाडी अडलेली. सणाच्या दिवशी पूजेला लावलेल्या गाडीच्या गळ्यात ती कशी ठेवायची?

"मीच म्हणले हुते," राहीबाई हळूच म्हणाल्या. "पाटी काडा म्हणून."

"काढली मी. तार माझ्या हातानं सोडली. आरती झाली की बूच काढायचं हुतं. मग लोकं आली सोनं द्यायला." ते आपल्या हातांकडे बघत होते. "कृष्णात माझ्या पाया पडला, आपट्याची पानं दिली, आन गाडी घिऊन गेला. मी चालवून बघितली न्हाई. सणाचा दिस. मी चालवूनबी बघितली न्हाई, राही."

महामार्गावरून कारखान्याच्या मळीचे टँकर धडधडत जात होते.

"त्या पोराला फोन करा," शेवटी राहीबाई म्हणाल्या.

मेजरांनी फोन उचलला. नंबर काढला. परत ठेवला.

*

चार दिवसांनी रामगोंडा गाडी न्यायला आले. डोकं भादरलेलं, गळ्यात पांढरा पंचा. नवी प्लेट बसली होती, गाडी धुऊन निघाली होती. मेजरांनी त्यांना आत खुर्चीवर बसवलं आणि उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. बूच दाखवलं. काही लपवलं नाही.

रामगोंडांनी बूच हातात घेतलं, उलटंपालटं केलं. मेजरांना वाटलं, हा माणूस आता उठेल आणि आपला गळा धरेल. धरला असता तर बरं झालं असतं.

"मेजर," रामगोंडा म्हणाले, "आईच्या देहाजवळ मी त्याला मारलो. समद्या गावासमोर. पोरं-बायका बघत हुत्या."

"म्हाईत हाय, आण्णा."

"आता मी जाऊन काय सांगू? चूक त्याची न्हवती, म्हणू? मग आईच्या शेजारी हुबा राहून मी काय केलो म्हणायचं?" त्यांनी बूच मेजरांच्या हातात परत दिलं. "हे हितंच राहू द्या. तुमच्या-माझ्यात. मी त्याला परत ठिवून घेतो. माफ केलो म्हणून सांगतो. त्याचंबी भागंल, तुमचीबी शेड चालंल. म्हातारी काय माघारी येणार न्हाई."

मेजरांनी होकाराची मान हलवली. इथं थोडं थांबायला हवं, कारण त्या माणसाच्या साऱ्या आयुष्यातली ही सगळ्यात वाईट घटका होती. पुराची नव्हे, दसऱ्याची नव्हे, हीच. कारण मान हलवताना त्यांना हायसं वाटलं होतं. ते हायसं वाटणं त्यांना पुढं कधी विसरता आलं नाही.

आतल्या पडवीतून राहीबाईंनी ऐकलं. त्या दिवसापासून त्यांनी पाने द्यायचं थांबवलं नाही, पण मस्करी थांबली. एकोणीस मागितला की एकोणीस यायचा. चूक असला तरी.

*

कृष्णात दोन दिवसांनी आला. या वेळी शटरच्या आत आला.

"आण्णांनी निरोप धाडलाय. माफ केलंय म्हणं मला."

"चांगलंच झालं की रं."

"माफ कशाबद्दल, मेजर?"

मेजर पक्कडीला तेल लावत होते.

"तुमी गाडी उघडलीसा. आत काय हुतं?"

"कामावर जा, कृष्णात. बायकापोरं हाईत तुला."

"मी काय इचारलं?"

"जुनी गाडी हाय. घसरती प्लेट कवातरी."

"म्हंजे माझा पाय न्हवता?"

मेजरांनी पुढची पक्कड उचलली. कृष्णात वाट बघत राहिला. त्याच्या चेहऱ्यावर आधी आशा होती, मग ती विझत गेली. विंगेत उभा असलेला नट आपल्या एंट्रीचं वाक्य येईल म्हणून कान देतो आणि समोरचा ते वाक्यच गाळून पुढं जातो, तसं झालं त्याचं.

"असल्या माफीवर मी त्या गाडीत बसणार न्हाई," तो म्हणाला. "गावात म्हणत्याल, खुनी डायवर बगा, आण्णा देवमाणूस म्हणून ठेवलाय."

आणि तो गेला.

हिवाळ्यात मेजर सांगलीला एका बेअरिंगच्या शोधात गेले होते. मार्केट यार्डाच्या रस्त्यानं चालताना त्यांनी कृष्णातला पाहिलं. हळदीची पोती उतरवत होता. नखशिखान्त पिवळा. पापण्यासुद्धा पिवळ्या. त्यानं मेजरांना पाहिलं, ओळख दाखवली नाही, पोतं पाठीवर घेतलं आणि आत गेला. मेजर बेअरिंग न घेताच परतले. राहीबाईंनी विचारलं, मिळालं का? ते म्हणाले, "न्हाई मिळालं." जेवायला बसले आणि भाकरी मोडून तशीच ठेवली.

"किती दिस असं?" राहीबाईंनी विचारलं. आण्णा येऊन गेल्यापासून पहिल्यांदाच त्यांनी हा विषय काढला होता.

"शेड बंद पडंल."

"पडूंदे की. पेन्शन हाय."

"लोकं काय म्हणत्याल?"

"त्याला काय म्हणत्यात ती लोकं, ते ठावं हाय न्हवं तुमास्नी?"

*

मे महिन्यात चौगुल्यांच्या गावच्या ग्रामपंचायतीनं पुराच्या तयारीची बैठक लावली. कोणाची नाव, कुठं माणसं ठेवायची, औषधं कुठं. सरपंच त्रिशला मगदूम. त्यांनी मेजरांना मुद्दाम बोलावलं होतं, की ट्रक पाण्यात घालण्याजोगा आहे असं जाणत्या माणसानं सगळ्यांसमोर सांगावं. सभागृहात शंभरभर माणसं. रामगोंडा पुढच्या ओळीत. मागं दाराला टेकून कृष्णात उभा, यार्डातून तसाच आलेला, केसांत अजून हळद.

"मेजर, गाडी ठीक हाय न्हवं?" सरपंचांनी विचारलं.

"ठीक हाय."

"मग चालवाय कुणाला द्यायची?"

"कुणालाबी द्या," मागून एक आवाज आला, "गेल्या साली होता तो नको म्हंजे झालं." दोघं-तिघं हसले. कृष्णात हलला नाही.

मेजर खाली बसायला निघाले होते. ते परत उभे राहिले. टाचा जुळल्या. हात शिवणीला लागले. चोवीस वर्षं अधिकाऱ्यासमोर जसे उभे राहिले तसे ते त्या शंभर माणसांसमोर उभे राहिले, आणि एका दमात बोलले. बूच कशाला असतं ते सांगितलं. पाटी कोणी सोडली ते सांगितलं. गाडी चालवून बघितली नाही ते सांगितलं. कृष्णातनं आधी फोन केला होता, आणि आपण त्याला हसलो, मालकाला खोटंच ठासून सांगितलं, तेही सांगितलं.

"प्लेट तेलात भिजली हुती. माझ्या हातनं. तो बराबर चालवत हुता."

सभागृहात एकदम गलका झाला. कोणी म्हणालं, आठ महिने तोंडात काय धरलं होतं? कोणी म्हणालं, पोलिसात द्या. एका म्हाताऱ्यानं ओरडून विचारलं, "आण्णांना तरी ठावं हुतं का हे?"

ते सांगणं मेजरांकडं नव्हतं. तेव्हा पुढच्या ओळीतून रामगोंडा उठले. त्यांनी मागं वळून दाराकडं पाहिलं.

"मला म्हाईत हुतं," ते म्हणाले. "मीच गप ऱ्हावा म्हणालो."

ते दारापर्यंत चालत गेले. कृष्णातपुढं हात जोडले. कृष्णातनं त्या हातांकडं पाहिलं, मग त्यांच्या खांद्यावरून मेजरांकडं.

"मी फोन केला तवा तुमास्नी ठावं न्हवतं, ते मी समजू शकतो," तो म्हणाला. "शेडमदी मी समोर हुबा हुतो तवा ठावं हुतं."

"व्हय," मेजर म्हणाले.

कृष्णात बाहेर निघून गेला.

*

जूनमध्ये गावानं त्याला परत गाडीवर बसवलं. यार्डातल्या हमालांनी त्याला चहा पाजून निरोप दिला म्हणतात. गावात आता कोणी त्याच्याकडं बोट दाखवत नव्हतं.

बोट उंब्रजकडं वळलं होतं. बातमी एका मालकाकडून दुसऱ्याकडं गेली. पाण्याचे टँकर कराडला जाऊ लागले. क्रेनवाल्यानं आपली ठेवलेली हत्यारं नेली, नेताना मेजरांच्या नजरेला नजर दिली नाही. जुलैत शेडमध्ये एकही गाडी नव्हती. मेजर तरी रोज सातला शटर अर्ध्यापर्यंत वर करत, जमीन झाडत, पाने पुसून ओळीनं लावत, आणि रिकाम्या जागेपुढं खुर्ची टाकून बसत. राहीबाई शेजारी स्टुलावर.

एका सकाळी, रिपरिप पाऊस होता, चौगुल्यांचा ट्रक शेडपुढं येऊन थांबला. कृष्णात उतरला. सभेनंतर दोघं पहिल्यांदाच समोरासमोर येत होते.

"पाणी चढायला लागलंय वर," तो म्हणाला. "बूच लावायचं हाय. आन क्लच एकदा बगा."

"तुला कुणी धाडलं?"

"कुणी न्हाई. मीच आलो."

"माझ्याकडं कशापायी?"

कृष्णातनं बोनेटवरचं पाणी हातानं निपटलं. "राग हाय माझा," तो म्हणाला. "तो जाणार न्हाई. पर ही गाडी आतनं तुमच्याएवढी कुणाला ठावी न्हाई."

मेजर उठले. ट्रकपाशी गेले, फाळक्याला हात लावला. राहीबाईंनी सवयीनं पोतं मांडीवर घेतलं, सतरा आणि बावीस वर काढून ठेवले. मेजरांनी वाकून ट्रकखाली पाहिलं. मग त्यांनी आपले दोन्ही हात पुढं धरले. याच हातांनी पाटीची तार सोडली होती. ते हात त्यांनी मागं घेतले आणि सरळ उभे राहिले.

त्या दिवशी ते मग कोणाशीच बोलले नाहीत, आणि संध्याकाळी त्यांना अर्धांगाचा झटका आला आणि वाचा गेली. नऊ दिवस ते कराडच्या एका दवाखान्यात डोळे उघडे ठेवून पडून होते. राहीबाई उशाशी बसून त्यांचे ओठ ओले करत. एक अक्षरही फुटलं नाही, आणि दहाव्या दिवशी गेले. त्यामुळं या जगात मानसिंग निकमांचं शेवटचं बोलणं झालं ते शेडच्या दारात, पावसात, कृष्णातशीच:

"कराडला ने. तिथल्या माणसाचा हात बरा हाय. आन तो गाडीखाली असंस्तवर तिथनं हलू नगंस. च्या प्यायलाबी जाऊ नगंस."